चाल पाहा

जानेवारीतली सकाळ. वाशिमहून अंधारातच निघालात आणि आता एकबुर्जी धरणाच्या काठावर उकिडवे बसला आहात. बोटं गारठलीत, दुर्बिणीच्या काचेवर श्वासाची वाफ धरतेय. पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळावर एक भुरा पक्षी एकटाच चालतोय. मैनेपेक्षा लहान, वीसेक सेंटीमीटरचा.

तुतारी आहे एवढं कळतं, पण कुठली? ठिपकेवालीचे पाय लांब आणि पिवळसर, पाठ ठिपक्यांनी भरलेली, डोळ्यावर पांढरी भुवई. हिरवी तुतारी नावापुरतीच हिरवी. अंगाने ती काळपट, आणि उडाली की शेपटीच्या बुडाशी पांढरंशुभ्र चमकतं. समोरच्या पक्ष्याच्या छातीच्या दोन्ही कडा भुऱ्या आहेत, आणि पोटाचा पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्याकडे पाचरीसारखा वर घुसलाय. ही पाचर दिसली की शंका उरत नाही. हा तुतवार.

शेजारी जाळं उलगडणारा भोई हसतो. "रंग काय पाह्यता भाऊ, त्याची चाल पाहा."

तुम्ही पाहता. दोन पावलं, एक टोच, आणि थांबला रे थांबला की मागचा भाग वरखाली, वरखाली. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लूसुद्धा थोड्याच वेळात असंच डुलायला लागतं. ही पिल्लं इथली नव्हेत. ती हिमालयातल्या आणि त्याही पलीकडच्या उत्तरेतल्या नदीकाठांवर जन्मतात. इथं तुतवार पावसाळा सरता सरता येतो आणि उन्हाळा तापला की जातो.

दुर्बीण खाली ठेवा. पुढे ती सोबत येणार नाही.

मार्च १९००. भिंत नाही, जलाशय नाही. गावाचं नाव बाशिम, आणि ते वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याचं ठाणं आहे. विक्रम संवतातल्या छप्पन्न सालचा दुष्काळ चालू आहे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांचा ठोका लांबून ऐकू येतो. समोरच्या तळ्याचं डबकं झालंय आणि भोवताली चिखलाची भेगाळलेली चकती. घागर घेऊन आलेली बाई ओंजळीने पाणी भरते, गाळ खाली बसायची वाट पाहते, पुन्हा ओंजळ घालते. तिच्यापासून दहा पावलांवर तो. उघड्या डोळ्यांना पाचर दिसत नाही, पण वरखाली होणारी शेपटी दिसते. पाणी आटेल तसा त्याचा काठही आत सरकतो, आणि आटत्या चिखलात किडे, अळ्या दाटून असतात. तिचं पाणी संपत चाललंय तिथंच त्याचं पान वाढलंय. हे पाहणं सोपं नाही. तुम्ही नजर वळवता. ती मात्र घागर अर्धी भरेपर्यंत उठत नाही.

आणखी मागे. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजा विंध्यशक्तीचं सदतिसावं वर्ष, हेमंत ऋतू. या नगराला आता वत्सगुल्म म्हणतात. कुठंतरी तांब्याच्या पत्र्यावर छिन्नी चालू आहे. राजाची वंशावळ संस्कृतात कोरली जाते, दानाचा व्यवहार प्राकृतात. हे पत्रे १९३९ मध्ये याच गावात पुन्हा उजेडात येणार आहेत. तुम्हाला मात्र पाण्याकडे जायचंय.

काठावर दगड ओले आहेत. तुमच्या पावलाने खडा घसरतो आणि काहीतरी भुर्रकन उडतं. पाण्याला जवळजवळ टेकून, पंख खाली वाकवलेले, थरथर थरथर, मग क्षणभर ताठ तरंग. पंखांवरून पांढरी रेघ जाते. बूड भुरंच, म्हणजे हिरवी तुतारी नव्हे. बारीक, चिरकी शीळ तीन-चारदा येते आणि तो समोरच्या दगडावर उतरतो.

पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुलाला तुम्ही पक्षी दाखवता, नाव विचारता. त्याची बोली मराठीसारखी वाटते खरी, पण शब्द हाती लागत नाहीत. तुमचा प्रश्न मात्र त्याला कळलाय. तो पंजा आडवा धरतो आणि बोटं वरखाली, वरखाली हलवतो.