आधी कुठला भाग पाहायचा? स्टार वॉर्स, प्लांक आणि तारखांचा क्रम

दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाला स्टार वॉर्स दाखवायचं ठरलं. वय वर्षं बारा, आणि हट्ट एकच : "ताई, एक नंबरपासून लाव." मी लावला. पाचव्या भागात व्हेडर ल्यूकला त्याच्या वडिलांबद्दल जे सांगतो, तिथे मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. तो पॉपकॉर्न खात म्हणाला, "हे तर माहितीये." झालं! तो प्रसंग पहिल्यांदा पाहायची संधी त्याच्या आयुष्यातून गेली, आणि ती मी घालवली.

संशोधनाच्या गप्पांत हे कुठून आलं, असं वाटत असेल तर थोडा धीर धरा.

२५ मे १९७७ ला अमेरिकेत जो सिनेमा लागला त्याचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. सुरुवातीला वर सरकत जाणाऱ्या मजकुरात कुठलाही क्रमांक नव्हता. १९८० मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला, त्यावर मात्र 'भाग ५' असं होतं. म्हणजे दुसरा सिनेमा एकदम पाचवा! पहिल्याला 'भाग ४, अ न्यू होप' हे लेबल १९८१ च्या पुनःप्रदर्शनात लागलं. १९८३ ला सहावा भाग आला. भाग १, २ आणि ३ तर १९९९, २००२ आणि २००५ चे. तेव्हा माझा भाऊ ज्याला 'एक नंबर' म्हणत होता, तो खरं तर चौथा सिनेमा.

यात काय एवढं, असं म्हणू नका. १९७७ च्या सिनेमात ओबी-वान ल्यूकला सांगतो की व्हेडरने तुझ्या वडिलांना मारलं. भाग १ पासून पाहत आलेल्याला हा म्हातारा सरळ खोटं बोलतोय असं वाटतं. पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय होतं? लेखिका ली ब्रॅकेट यांनी १९७८ च्या सुरुवातीला दुसऱ्या सिनेमाचा पहिला मसुदा लिहिला. त्यात ल्यूकचे वडील आत्म्याच्या रूपात येऊन त्याला भेटतात, आणि व्हेडर हा वेगळाच माणूस आहे. मार्च १९७८ मध्ये ब्रॅकेट वारल्या, पुढचा मसुदा जॉर्ज ल्यूकसने स्वतः लिहिला, आणि त्यात बाप-लेकाचं नातं आलं. ते इतकं गुप्त ठेवलं की चित्रीकरणात व्हेडरच्या पोशाखातल्या नटाला भलताच संवाद दिला होता. 'हे सगळं आधीपासून ठरलेलं होतं' असं ज्याला म्हणायचंय, त्याला आधी ब्रॅकेटच्या मसुद्याचं उत्तर द्यावं लागेल. आणि १९८३ च्या सिनेमात बिचाऱ्या ओबी-वानला त्या जुन्या वाक्याची सारवासारव का करावी लागते, तेही मग कळतं.

२०११ मध्ये एका अमेरिकन प्रोग्रामरने मधला मार्ग सुचवला : ४, ५, मग फ्लॅशबॅकसारखे २ आणि ३, शेवटी ६. भाग १ चक्क गाळायचा. गोष्ट म्हणून हा क्रम झकास आहे. धक्का टिकतो आणि बापाची कहाणीही कळते. पण सिनेमाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर याचा काही उपयोग नाही. हा नंतर लावलेला क्रम आहे, घडलेला नाही.

आता आपल्या विषयाकडे. एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये मी ठणकावून सांगितलं होतं की अतिनील आपत्ती टाळण्यासाठी प्लांकने क्वांटम कल्पना मांडली. एका सरांनी शांतपणे विचारलं, "हे नाव कधीचं?" माझी बोबडी वळली. प्लांकने सूत्र मांडलं १९ ऑक्टोबर १९०० ला, त्याची उपपत्ती १४ डिसेंबरला. रॅलेची छोटी टिपणी जून १९०० ची होती खरी, पण रॅले-जीन्स सूत्र पूर्ण झालं १९०५ मध्ये, आणि 'अतिनील आपत्ती' हा शब्द एरेनफेस्टने वापरला १९११ मध्ये! प्लांकची अडचण दुसरीच होती. वीनचं सूत्र लांब तरंगलांबीला बर्लिनमधल्या मोजमापांशी जुळेना. पाठ्यपुस्तकात आधी रॅले-जीन्स, मग प्लांक, हा क्रम शिकवायला सोयीचा. म्हणजे तोही प्रीक्वेलच.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना एखादा ताजा रिव्ह्यू पेपर जरूर आधी वाचा, नाहीतर जंगलात हरवाल. पण त्यानंतर मूळ पेपर तारखेच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक पेपरशी थांबून विचारा : या माणसाला या दिवशी काय माहीत नव्हतं? मी वहीत प्रत्येक पेपरपुढे वर्ष लिहिते, आणि त्यात कुणाचे संदर्भ आलेत, त्यांचीही वर्षं. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या प्रकरणातली दोन 'म्हणून' अशीच गळून पडली.

आणि आवृत्ती तपासा. सहाव्या भागाच्या शेवटी ल्यूकला वडिलांचा आत्मा दिसतो. १९८३ मध्ये ते काम सेबॅस्टियन शॉ या वयस्कर नटाने केलं होतं. २००४ च्या डीव्हीडीत त्यांच्या जागी हेडन क्रिस्टेन्सन आला, जो १९८३ मध्ये दोन वर्षांचा होता! तुम्ही १९८३ चा सिनेमा म्हणून आज जो पाहता, तो तंतोतंत तो नाही. पेपरचंही तसंच : प्रीप्रिंट, छापील आवृत्ती आणि शुद्धिपत्र, यातलं नेमकं काय उद्धृत करताय?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी आता १९७७ पासूनच सुरुवात करायला सांगते. मामेभावाची धाकटी बहीण आठ वर्षांची आहे. पुढच्या मे महिन्यात तिची पाळी. तोवर तोंड बंद ठेवायचं म्हणून भावाला एक पॉपकॉर्नचा डबा आगाऊ देऊन ठेवलाय.