गंगा तलावात गंगा कधी आली?

शामारेलचा धबधबा बघून गाडी ग्रां बासँला पोचली की मुलं विचारणारच, "मॉरिशसमध्ये गंगा कशी?" "श्रद्धा असते बाळा" म्हणून सुटू नका, खरं सांगा. हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं. १८९८ साली त्रिओलेहून काही लोक शिवरात्रीला इथवर चालत आले. उसाच्या मळ्यांवर करारानं आणलेल्या मजुरांचा हा समाज, बहुतेक भोजपुरी बोलणारा. (आपले रत्नागिरीकडचेही होतेच या बेटावर, मुंबईहून जहाजानं आलेले.) गंगेचं पाणी भारतातून आणून तळ्यात ओतलं ते १९७२ मध्ये! म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षं आधी माणसं आली, गंगा मागून. शंकराची ती ३३ मीटरची मूर्ती तर २००७ ची. फोटो तिथे काढाच, पण आधी मुलांना पाण्याकाठच्या देवळात न्या.