शिवण नसलेला स्वेटर आणि एलिझाबेथबाई



"विणकामाचे, क्रोशाचे स्वतःचे नमुने तयार करून विकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?" असं बऱ्याच जणी विचारतात. मी त्यांना एलिझाबेथ झिमरमन यांची हकिगत सांगते. या धंद्यातली खरी मेख तिच्यात आहे.

एलिझाबेथबाई १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मल्या. १९३७ मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेल्या आणि पुढे विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावल्या. १९५० च्या दशकात त्यांचा गळ्याभोवती रंगीत नक्षी असलेला फेअर आइल स्वेटर छापायला घेतला गेला. बाईंनी तो गोल सुईवर अखंड विणला होता. छापील सूचना मात्र सपाट विणून शेवटी तुकडे शिवायचे, अशा बदलून आल्या.

विणणारीला यातला फरक लगेच कळेल. गोल विणताना नक्षीची सुलट बाजू सतत डोळ्यांसमोर राहते, टाके सगळे सुलट. सपाट विणताना दर दुसरी ओळ उलट टाक्यांची. दोन रंगांचे धागे मागचेपुढे करायचे, वर नक्षीचा तक्ताही उलट दिशेने वाचायचा. कल्पना बाईंची, डोकेदुखी विणणारीची!

मग १९५८ मध्ये बाईंनी त्याच स्वेटरच्या सूचना आपल्या पद्धतीने लिहून स्वतःचं पत्रक काढलं. १९५९ मध्ये 'स्कूलहाउस प्रेस' हा स्वतःचा व्यवसाय सुरू झाला. 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक १९७१ चं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं टक्केवारीचं गणित. आधी मापाचा तुकडा विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. समजा ५ बसले आणि छातीचा घेर ४० इंच हवा, तर अंगाचे टाके २००. मनगटाला त्याचे २० टक्के, म्हणजे ४०. बाहीच्या वरच्या घेराला साधारण ३३ टक्के, म्हणजे ६६. गळ्याला ४० टक्के, म्हणजे ८०. लोकर जाड असो की बारीक, हिशेब तोच. विणणारीच्या हाती नुसते आकडे न देता त्यांचं कारण दिलं, की तिला आपल्या नातवाच्या मापाचा स्वेटर कुणाला न विचारता काढता येतो. आपल्याकडच्या पुष्कळ नमुन्यांत हे कारणच नसतं, याचा मला राग येतो.

तेव्हा नमुना मासिकाला किंवा लोकरीच्या कंपनीला देताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: सूचना आपल्याला न विचारता बदलणार नाहीत, छापण्याआधीची प्रत तपासायला मिळेल, आणि ठरावीक मुदतीनंतर हक्क आपल्याकडे परत येतील. त्याआधी दोन-तीन जणींकडून तो विणून घ्या. त्या विणत असताना जवळ बसा, पण तोंडाने काही सांगू नका. जिथे त्या अडतील, तिथलं वाक्य बदला.