फायबरग्लास सबवूफर पेटी

फायबरग्लास सबवूफर पेटी ही मोटारगाडीत सबवूफर बसवण्यासाठी काचतंतू आणि रेझिन यांच्या थरांतून घडवलेली ध्वनिपेटी होय. बाजारात मिळणाऱ्या चौकोनी लाकडी पेटीने डिकीतील बरीच जागा व्यापली जाते. फायबरग्लासची पेटी मात्र चाकावरील फुगवटा, डिकीचा कोपरा किंवा स्टेपनीची खोलगट जागा यांच्या आकाराबरहुकूम बनवता येते. तिचा आकार कसाही असला तरी चालतो. मात्र आतील हवेचे घनफळ, भिंतींचा ताठपणा आणि हवाबंदपणा यांत चूक झाल्यास ध्वनीचा दर्जा खालावतो.

ध्वनितत्त्व

सबवूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढील हवा दाबली जाते व मागील हवा विरळ होते. पेटी नसल्यास या दोन विरुद्ध लहरी एकमेकींत मिसळून खर्जाचा ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो. बंद पेटी मागील लहर अडवते, शिवाय आत कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे पडद्याला मूळ जागी आणते. ८० हर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असते. पेटी त्या मानाने फारच लहान असल्यामुळे तिच्या वाकड्यातिकड्या आकाराचा खर्जाच्या ध्वनीवर फारसा परिणाम होत नाही.

पार्श्वभूमी

बंद पेटीतील हवेचा स्प्रिंगसारखा उपयोग करणारा ‘एआर-१’ हा ध्वनिवर्धक एडगर विल्चर यांच्या रचनेनुसार १९५४ साली अमेरिकेत तयार झाला. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ध्वनिवर्धक व पेटी यांच्या परस्परसंबंधाचे गणित मांडले. त्यावरून ‘थील-स्मॉल घटक’ ही संज्ञा रूढ झाली. मोटारउद्योगात फायबरग्लासचा वापर त्याआधीच सुरू झाला होता. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीचे बाह्यांग याच पदार्थाचे होते.

घनफळाची गणना

सबवूफरच्या माहितीपत्रकात त्याची अनुनाद वारंवारता, क्यूटीएस आणि व्हीएएस हे घटक दिलेले असतात. पेटीत बसवल्यानंतरच्या एकूण क्यू मूल्याला क्यूटीसी म्हणतात. बंद पेटीसाठी ते ०.७०७ च्या आसपास ठेवण्याची प्रथा आहे. क्यूटीसीला क्यूटीएसने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गातून १ वजा करावा व उरलेल्या संख्येने व्हीएएसला भागावे, म्हणजे आवश्यक घनफळ मिळते.

उदाहरणार्थ, व्हीएएस ४० लिटर, क्यूटीएस ०.४५ आणि अनुनाद वारंवारता ३० हर्ट्झ असल्यास सुमारे २७ लिटरची पेटी लागते व तिच्यासह अनुनाद ४७ हर्ट्झवर येतो. हीच पेटी १८ लिटरची झाल्यास क्यूटीसी ०.८१ वर आणि अनुनाद ५४ हर्ट्झवर जातो. परिणामी सर्वांत खालचे स्वर क्षीण होतात व त्यांच्या वरचे स्वर घुमू लागतात. सबवूफरचे चुंबक व सांगाडा, तसेच आतील आधार यांनी व्यापलेली जागा या घनफळात धरली जात नाही.

साहित्य

पेटीसाठी सामान्यतः तुकडेदार काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन वापरतात. रेझिन घट्ट होण्यासाठी मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड हे हार्डनर वजनाच्या साधारण १ ते २ टक्के मिसळावे लागते. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा होतो. सबवूफर बसवण्याचे कडे १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफमधून कापतात.

बांधणी

प्रथम डिकीतील संबंधित भाग मास्किंग टेप व ॲल्युमिनियम फॉइलने पूर्ण झाकून त्यावर मेण लावतात, म्हणजे साचा सहज सुटतो. त्यावर मॅटचे दोन-तीन थर रेझिनमध्ये भिजवून अंथरतात आणि अडकलेले हवेचे बुडबुडे रोलरने काढून टाकतात. थर वाळल्यावर कवच गाडीबाहेर काढून आणखी थर चढवतात. सर्व थर एकाच वेळी दिल्यास रासायनिक क्रियेच्या उष्णतेने ते तडकण्याची किंवा वाकण्याची शक्यता असते.

यानंतर कडे लाकडी आधारांवर योग्य कोनात उभे करून त्यावरून कवचाच्या काठापर्यंत ताणले जाणारे कापड घट्ट बसवतात. कापडाला रेझिन पाजले की पुढची बाजू कडक होते. कड्याच्या छिद्रातून आतील बाजूसही मॅटचे थर देतात. शेवटी लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून रंग किंवा गालिच्याचे कापड लावतात. वक्र भिंत सपाट भिंतीपेक्षा अधिक ताठ असते. सपाट राहिलेल्या भागांना मात्र जास्त थर किंवा आधार द्यावे लागतात.

मापन

वेड्यावाकड्या पेटीचे घनफळ सूत्राने काढणे कठीण असते. त्यामुळे तांदूळ, ज्वारी किंवा थर्मोकोलचे मणी ठरावीक मापाच्या भांड्याने पेटीत ओतून लिटर मोजतात. जागा जास्त भरल्यास आत लाकडी ठोकळे चिकटवून ती कमी करता येते. कमी पडल्यास मात्र पुढची बाजू कापून नव्याने बांधावी लागते. म्हणूनच पुढचे कापड ताणण्यापूर्वी कवचाचे घनफळ मोजून कड्याची उंची ठरवणे सोयीचे ठरते.

सुरक्षितता

पॉलिएस्टर रेझिनमधून बाहेर पडणारी स्टायरीनची वाफ ज्वलनशील व आरोग्यास घातक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला. बंद गाडीत ही वाफ झपाट्याने साचते. त्यामुळे सर्व दारे उघडी ठेवणे, ठिणगी व ज्योत दूर ठेवणे आणि सेंद्रिय वाफ शोषणारा मुखवटा वापरणे आवश्यक असते. धुळीसाठीचा साधा मास्क वाफ रोखत नाही. हार्डनर डोळ्यात गेल्यास कायमची इजा होऊ शकते.

काही रेझिनसोबत कोबाल्टयुक्त प्रवेगक वेगळा दिला जातो. प्रवेगक व हार्डनर एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून प्रवेगक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून त्यानंतरच हार्डनर घालतात.

मर्यादा

ही पेटी ज्या गाडीच्या मापाने घडवली जाते, त्याच गाडीत नीट बसते. तिला वेळ व कौशल्य अधिक लागते. सीएनजी टाकी असलेल्या गाड्यांत डिकीच्या बाजूच्या खाचेत बसणारी पेटी सोयीची ठरते. परंतु टाकीचा व्हॉल्व्ह व त्याकडे जाणारी वाट झाकली जाता कामा नये. अपघातात किंवा जोराच्या ब्रेकने जड पेटी पुढे फेकली जाऊ नये, यासाठी ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्की करावी लागते.