आट्यांवर लटकलेले पाणी

बीडजवळची खजाना विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. तिचे पाणी भूमिगत कालव्यातून निव्वळ उताराच्या बळावर वाहत जाते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नहरींमध्ये मातीच्या नळ्या एकीत एक बसवून पाणी खेळवले गेले. या रचनांमध्ये पाणी आडवे चालत होते. आडव्या नळाच्या सांध्याला एकच काम असते, गळती थांबवण्याचे. वजन जमीन पेलते. पण नळ उभा करून जमिनीच्या पोटात सोडला, की खालच्या सगळ्या नळांचा भार सर्वांत वरच्या सांध्यावर लटकतो. गळायचे नाही आणि तुटायचेही नाही, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर येते.

मराठवाड्याला ही जबाबदारी उमगली ती १९७२च्या दुष्काळात. आडांनी तळ गाठला होता आणि खाली काळा पाषाण होता. हा पाषाण पहारीने फोडायला महिने लागतात. साठच्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीने भारतात एक नवी यंत्रे आली होती. त्यांचा हातोडा वर नसतो, भोकाच्या तळाशी असतो. दाबाखालची हवा पोकळ लोखंडी दांड्यांतून खाली जाते, हातोडा चालवते आणि दगडाचा भुगा वर फेकते. एक दांडी खाली गेली की तिच्यावर दुसरी जोडायची. शेतकरी बांधावर बसून दांड्या मोजतो, कारण पैसे फुटावर द्यायचे असतात.

या दांड्यांच्या टोकांना जे आटे असतात, त्यांचे नाव आहे एपीआय रेग्युलर. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. केज किंवा पाटोद्याच्या माळावर पाण्यासाठी फिरणारी दांडी ज्या आट्यांनी जोडली जाते, ते आटे मुळात तेलाच्या विहिरींसाठी ठरवलेले आहेत.

ती कथा १८५९ सालापासून सुरू होते. अमेरिकेतील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याने तेलासाठी भोक पाडायला घेतले, पण वरची भुसभुशीत माती ढासळत राहिली. त्याने लोखंडी नळ खडकापर्यंत, सुमारे ३२ फूट, ठोकून घातला आणि त्याच्या आतून खोदकाम केले. मातीला आवर घालणारा हाच नळ पुढे ‘केसिंग’ म्हणून रूढ झाला. विहिरी खोल गेल्या तसे नळ वाढले, पण प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नळ दुसऱ्याच्या कपलिंगमध्ये बसेना. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९२४ पासून मानके प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि हा गोंधळ हळूहळू संपला.

नळाचे आटे निमुळते असतात. दर १६ मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने बदलतो. त्यामुळे नळ आधी हाताने सहज फिरतो, मग पान्याने आवळला की पाचरीसारखा घट्ट बसतो. गंमत अशी, की आपल्या घरच्या नळाचा आणि तेलाच्या केसिंगचा निमुळतेपणा सारखाच आहे. फरक आट्यांच्या कोनात आहे. घरच्या नळाचा कोन इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याच्या १८४१च्या पद्धतीचा, ५५ अंशांचा. केसिंगच्या गोल आट्यांचा ६०. कितीही आवळले तरी दोन आट्यांमध्ये बारीक नागमोडी फट उरतेच. ती बुजवायला आपला नळवाला सुतळी आणि सफेदा लावतो. तेलवाले शिसे, जस्त, तांबे आणि ग्रॅफाइटची पूड घातलेले ग्रीस लावतात. विचार एकच.

मग वेल्डिंग का करत नाहीत? जमिनीवरून किंवा समुद्राच्या तळावरून आडव्या जाणाऱ्या वाहिन्यांना वेल्डिंगच करतात. विहिरीत मात्र नळ झटपट जोडावे लागतात, काही पुन्हा काढावेही लागतात. शिवाय उच्च ताकदीचे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने ठिसूळ होऊ शकते. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेल शोधले. अशा विहिरींत मीटरला सत्तर किलोचा नळ तीन हजार मीटर सोडला, तर वजन दोनशे टनांवर जाते. तिथे गोल आटे कमी पडले, की करवतीच्या दातांसारखे तिरपे ‘बट्रेस’ आटे वापरतात. ते ओढ अधिक सोसतात. वायूचा दाब फार असेल तर धातूवर धातू दाबून बसणारे खास सांधे लागतात, कारण वायू ग्रीसच्या भरवशावर थांबत नाही.

आपल्या बोअरला एवढे सोपस्कार नसतात. केसिंग फक्त वरच्या मुरमापुरते. खाली पाषाण स्वतःच भिंत होतो. खरी परीक्षा होती हापशाची. सुरुवातीचे बिडाचे पंप घरगुती वापराचे होते. अख्खे गाव हापसू लागल्यावर ते मोडत गेले. पोलादी आणि टिकाऊ पंपाचा शोध आपल्याच भागात लागला. आधी जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत, मग सोलापुरात. सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि पुढे जगभर गेला.

त्याचे नळ ३२ मिलिमीटरचे, तीन-तीन मीटरचे, सॉकेटने जोडलेले. दहा नळ सोडले तर शंभर किलोच्या आसपास लोखंड, आतले पाणी आणि सळया वेगळ्या. आटे पाडताना नळाची जाडी कमी होते आणि जस्ताचा थरही निघतो. म्हणून गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. शिवाय तळाचा वायसर बदलायचा तर सगळे नळ वर काढावे लागत आणि दर वेळी आटे झिजत. सांधा सुटून नळ खाली पडला, की गावाचा हापसा बंद. बायकांची पायपीट पुन्हा सुरू. पुढच्या ‘मार्क थ्री’मध्ये यावर साधा उपाय निघाला. नळ ६५ मिलिमीटरचा केला, म्हणजे दट्ट्या आतूनच वर येतो आणि सांध्यांना हात लावावा लागत नाही.

आता अनेक बोअरमध्ये पाणबुडी मोटार असते आणि ती प्लास्टिकच्या नळावर लटकते. काळ्या एचडीपीई नळाची अख्खी गुंडाळी सोडली तर मधे सांधाच नाही. गंजाचा प्रश्न मिटला. पण या सोयीने एक मोह वाढवला. सांधा पक्का झाला, यंत्र जोरकस झाले, की माणूस आणखी एक दांडी जोडायला सांगतो. काळ्या पाषाणात पाणी असते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. तिथे ते पावसाने भरते. त्याच्या खाली दांड्या वाढतात, पाणी वाढेलच असे नाही. आणि लागले तरी ते पुन्हा भरायला किती पावसाळे लागतील, याचा हिशेब दांडी देत नाही. नळ जोडण्याची विद्या दीडशे वर्षांत पक्की झाली. कुठे थांबायचे, हे मात्र आट्यांत कोरलेले नाही. ते गावाने पाऊस मोजून ठरवायचे आहे.