रायगडावरचा धूमकेतू

राजावर दैवाची कृपा आहे की नाही हे आकाश सांगते, ही समजूत चीनमध्ये राज्यकारभाराचा भागच होती. इ.स.पूर्व १७८ मध्ये सूर्यग्रहण झाले, तेव्हा हान वंशातील सम्राट वेन याने दोष स्वतःकडे घेतला आणि प्रजेवरील वेठ व खर्च कमी करण्याचे फर्मान काढले. त्याच वर्षी निम्मा जमीनमहसूलही माफ केला. आपल्याकडे वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त केतूंवर स्वतंत्र अध्याय आहे. मराठेशाहीत या समजुतीचे पडसाद बखरींतून उमटतात.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, ती शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने. निधनाच्या दिवशी भूकंप झाला, उल्कापात झाला, धूमकेतू उगवला, असे तो सांगतो. निधनाची तारीख ३ एप्रिल १६८०. खगोलशास्त्राला परिचित असलेला त्या काळातील महान धूमकेतू मात्र जर्मनीत गॉटफ्रीड किर्श याला १४ नोव्हेंबर १६८० रोजी, म्हणजे सात महिन्यांनी, दुर्बिणीतून दिसला. त्याची लांबलचक शेपटी जानेवारीतही दिसत होती, आणि १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला! बखरीत धूमकेतू आला तो पित्याच्या मृत्यूशी जोडून, पुत्राच्या अभिषेकाशी नव्हे. हा स्मृतिदोष की दरबारी सोय, याचा निवाडा कठीण आहे; परंतु बखर कोणासाठी लिहिली गेली, हे विसरून चालणार नाही.

अपशकुनांचा प्रश्न त्याआधीही उपस्थित झाला होता. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी जिजाबाई निवर्तल्या. वैदिक विधीतील उणिवांमुळे अनिष्टे ओढवली, असे निश्चलपुरी गोसाव्याने मांडले आणि २४ सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला.

खर्चाचे गणितही याच्याशी निगडित आहे. सभासद पहिल्या सोहळ्याचा खर्च एक कोटी बेचाळीस लाख होन देतो. जदुनाथ सरकारांनी तो पन्नास लाख रुपयांच्या आसपास धरला. जुलैमध्ये मराठ्यांनी पेडगावच्या बहादूरखानाच्या छावणीवर छापा घालून सुमारे एक कोटी रुपये आणि दोनशे घोडे आणले. रिक्त खजिना ग्रहशांतीने भरत नाही, हे महाराज जाणून होते.

त्याच धूमकेतूची कक्षा न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने मांडली.