मालक नसलेली टपालपेटी

समाजमाध्यमांवरचे आपले बोलणे बहुधा एखाद्या कंपनीच्या संगणकांत साठते. ते तसेच असावे लागते का? थोडा इतिहास पाहू.

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना 'यूजनेट'ची कल्पना सुचली. सरकारी संगणकजाळे मोजक्याच संस्थांना खुले होते. म्हणून साध्या दूरध्वनीवरून एक संगणक शेजारच्या संगणकाला पत्राची प्रत देई, तो पुढच्याला. पत्र कोणत्या वाटेने आले त्याची यादी पत्रावरच असे. त्यामुळे ते मागे फिरत नसे. आज्ञावली विनामूल्य वाटली गेली. केंद्र नव्हते, मालकही नव्हता.

एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी एकच जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली. तिला रोखणार कोण?

२०१६ साली ऑयगेन रोख्को यांनी 'मॅस्टोडॉन' ही खुली आज्ञावली आणली. तिच्यात प्रत्येक केंद्रचालक आपले नियम ठरवतो आणि त्रासदायक शेजाऱ्याशी संबंध तोडू शकतो. म्हणजे मालक गेला, तरी निगराणीचे काम राहिलेच. ते अनेकांत वाटले गेले.

वर्गात चिठ्ठ्यांच्या प्रती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पाठवून पाहा. नको ती चिठ्ठी कोणी थांबवायची, हा प्रश्न मुलेच विचारतील, अशी आम्हाला खात्री वाटते.